शिधयेसाहेबांचा कान

“मृदुला, जरा हे ऐक. आणि ऐकून झालं की तुझी ती पदवी परत करून ये.”

बाबांनी डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्यापुढे धरला, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून मटार सोलत होते. टेबलावर त्यांचा मोबाइल होता आणि मोबाइलला आखूड वायरीने जोडलेली, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. अशा डबीला त्यांच्या मंडळीत ‘डॅक’ म्हणत. मोबाइलमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्या आकड्यांचे पुन्हा गाणे करायचे आणि हेडफोनला पुरेल इतका जोर त्यात भरायचा, एवढेच तिचे काम. हेच काम बोटभर लांबीची, नऊशे रुपयांची एक वायरही करते. तिला ते हेटाळणीने ‘शेपूट’ म्हणत. काळी डबी चौतीस हजारांची होती.

मी ऐकले. मारव्याची आलापी होती.

“छान आहे.”

“आता हे.” त्यांनी डबी काढून शेपूट लावली. पुन्हा तीच आलापी.

“हेही छान आहे.”

“हेही छान!” बाबा आईकडे वळले. “ऐकलंस? कानांची डॉक्टरीण म्हणे. हिला तंबोरा आणि मिक्सर यांतला फरक कळत नाही.”

“बाबा, डबीचा आवाज जरा मोठा होता,” मी शेंगा सोलता सोलता म्हटले. “मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. शिवाय तुम्हाला किंमत ठाऊक आहे. चौतीस हजार म्हटलं की तंबोरा आपोआप सुरात येतो.”

“काय?”

मी मान वर केली आणि सगळे वाक्य सावकाश पुन्हा म्हटले.

“आवाज मोठा नव्हता,” ते म्हणाले. “तुझा कान लहान आहे.”

या गोष्टीला आता सात वर्षे होतील. मी तेव्हा नाशिकला श्रवणतपासणीचा लहानसा दवाखाना दोन वर्षांपूर्वी सुरू केला होता. लोकांची कानांची परीक्षा घ्यायची, ज्यांना गरज असेल त्यांना यंत्र बसवून द्यायचे, हा माझा धंदा. आणि ज्याला सर्वांत आधी माझ्या खुर्चीत बसवायला हवे होते, तो माणूस दोन वर्षे तिथे पाऊल टाकायला तयार नव्हता. बाबा कारखान्यात अठ्ठावीस वर्षे इंजिनांच्या चाचणीवर होते. कानांत घालायची बुचे त्यांना मिळत. ती ते खिशात ठेवत. इंजिनाचे दुखणे कानाला आधी कळते आणि मीटरला मागाहून, असे त्यांचे ठाम मत होते. ते खरेही असावे. पण आता त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नसे. आईचा आवाज दोन वर्षांत इतका चढला होता, की सोसायटीत ती भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध झाली होती.

“मी नुसतं मीठ मागते गं,” ती म्हणायची, “आणि खालच्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्याकडे बघून हळहळतात.”

या माणसाचा कान मात्र गावात नावाजलेला होता, हीच तर खरी अडचण होती. निवृत्तीनंतर ते कुलथे वकिलांच्या घरी रविवारच्या बैठकीला जाऊ लागले. तीन-चार मंडळी जमत, नवे हेडफोन, नवे डॅक आणत, एकच ध्वनिमुद्रण पाच-पाच वेळा ऐकत, आणि शेवटी सगळे बाबांकडे बघत. बाबा क्षणभर थांबून म्हणत, “ह्यात हवा खेळती आहे,” किंवा “हे गोड आहे, पण खोटं गोड.” मग बाकीचे माना डोलावत. ‘शिधयेसाहेबांचा कान’ हा तिथला शेवटचा शब्द होता. अशा माणसाने कानामागे यंत्र अडकवून त्या बैठकीत जायचे, म्हणजे पहिलवानाने काठी टेकत आखाड्यात उतरायचे.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “पैज लावू. येत्या रविवारी मी कुलथेकाकांकडे येते. डबी आणि शेपूट दोन्ही झाकून ठेवायची. दोन्हींचा आवाज मी मोजून सारखा करीन. दहा फेऱ्या. दर वेळी मी कुठलं लावलंय ते तुम्ही ओळखायचं. नुसतं नाणं उडवूनही दहात पाच बरोबर येतात, तेव्हा निदान आठ हवेत.”

“आणि आठ आले तर?”

“तर यंत्राचं नाव मी पुन्हा काढणार नाही.”

“जन्मात?”

“जन्मात. आणि नाही आले तर तुम्ही दवाखान्यात यायचं, तपासून घ्यायचं, आणि मी सांगेन ते कानाला लावायचं.”

बाबांनी आईकडे पाहिले. “तू साक्षीदार आहेस हं.”

“मी कसली साक्षीदार!” आई म्हणाली. “मी तर हिच्या बाजूची आहे.”

त्या आठवड्यात मी परीक्षेची तयारी लग्नघराच्या तयारीसारखी केली. दोन्ही उपकरणे एकाच लॅपटॉपला जोडली आणि एका बटणासरशी हेडफोन याच्यावरून त्याच्यावर जाईल अशी एक पेटी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून करून घेतली. मीटर लावून दोन्हींचा आवाज केसभरही फरक राहणार नाही इतका जुळवला. आधीच दहा वेळा नाणे उडवून कोणत्या फेरीत काय लावायचे ते कागदावर लिहून ठेवले, म्हणजे माझ्या मनाच्या कलाने काही व्हायला नको. बाबांना सेकंदाला तीन हजारांपलीकडच्या कंपनांचे फारसे काही ऐकू येत नसणार, असा माझा अंदाज होता. काळी डबी आणि शेपूट यांत चांगल्या कानालासुद्धा फरक कळेल असे मला वाटत नव्हते. निकाल मला ठाऊक होता. फक्त तो त्यांच्या तोंडून, चारचौघांत यायला हवा होता. आपण थोडे निर्दय होत आहोत, हे मला जाणवत होते. पण जिन्यात हळहळणाऱ्या बाईंची आठवण काढली की मन पुन्हा घट्ट होई.

रविवारी कुलथेकाकांच्या दिवाणखान्यात दहाच्या सुमाराला आम्ही जमलो. कुलथेकाका फौजदारी वकील. मिशी अशी भरघोस, की समोरच्या साक्षीदाराला त्यांचे ओठ हलताना दिसत नसत. डबी त्यांनीच एका दुकानदाराकडून आठवडाभर ऐकून बघायला मागून आणून बाबांकडे दिली होती. ती घ्यायची होती मात्र बागूल सरांना. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, अतिशय मवाळ गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यावर ते एकटेच राहत आणि दुपारभर गाणी ऐकत. डबीसाठी त्यांनी सहा महिने आपल्या सगळ्या हौसांना कात्री लावून रक्कम बाजूला ठेवली होती. पण निर्णय होत नव्हता.

“साहेब म्हणतील ते,” ते मला म्हणाले. “आम्हाला काय, दोन्ही गोडच लागतं. साहेबांनी ओळखली तर घेऊन टाकायची. नाही ओळखली तर शेपूट काय वाईट आहे?”

म्हणजे आता माझ्या पैजेवर त्यांचीही खरेदी टांगली होती. बाबांनी हे ऐकले की नाही, कळले नाही.

गोल टेबलावर मी माझी पेटी मांडली आणि उपकरणे पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवली. पहिले बसले कुलथेकाका. त्यांनी डोळे मिटले, भुवया आक्रसल्या आणि तिसऱ्याच फेरीला हात वर केला.

“ही! ही काळी! कुणीतरी तंबोऱ्यावरची चादर काढल्यासारखं झालं एकदम.”

मी कागदावर फुली मारली. ती शेपूट होती.

बागूल सरांना सहाव्या फेरीत गायिकेच्या मागे एक मोठी खिडकी उघडलेली दिसली. तीही शेपटीतूनच उघडली होती. कुलथेकाकांचे चार बरोबर आले, सरांचे पाच. पोह्यांच्या बश्या घेऊन आलेल्या सुमनकाकूंनाही सगळ्यांनी आग्रह करून बसवले. त्यांनी प्रत्येक वेळी पटकन उत्तर दिले आणि त्यांचे सहा बरोबर आले.

“कसं ओळखलंत?” सरांनी आदराने विचारले.

“ओळखलं कुठं? एकदा हे म्हटलं, एकदा ते म्हटलं. मला तर दोन्हीत ती बाई एकच ओळ घोळवताना ऐकू आली. पुढे जातच नाही.”

“सुमन, ती आलापी आहे,” कुलथेकाका म्हणाले.

“असू दे की. पोहे गार होतायत.”

मग बाबा उठले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची थोडी सरकवली आणि खिडकीकडे पाठ करून माझ्या अगदी समोर बसले.

“साहेब, डोळे मिटा,” कुलथेकाका म्हणाले. “ह्या असल्या गोष्टी डोळे मिटून ऐकायच्या असतात.”

“मिटले तर झोप लागेल. पोहे जास्त झालेत.”

पहिली फेरी. “शेपूट,” बाबा म्हणाले. बरोबर होते. दुसरी चुकली. मला वाटले, आता सुरुवात झाली. तिसरी बरोबर, चौथी बरोबर. पाचवीला ते थोडा वेळ थांबले, समोर बघत राहिले आणि म्हणाले, “काळी.” बरोबर. सहावी, सातवी, आठवी. सुमनकाकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दहावे उत्तर देऊन बाबांनी हेडफोन काढला, तेव्हा माझ्या कागदावर बरोबरच्या नऊ खुणा होत्या.

“किती?” कुलथेकाकांनी विचारले.

“नऊ,” मी म्हणाले.

कुलथेकाकांनी टेबलावर अशी थाप मारली की बश्या उडाल्या. “ह्याला म्हणतात कान! मृदुला, विज्ञान हरलं हो तुझं! साक्षीपुराव्यानिशी हरलं!”

“आता हिनंच यंत्र लावायला हवं,” बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. मला राग यायला हवा होता. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला विलक्षण आनंद झाला होता. माझे आकडे, माझे अंदाज, माझी पदवी, सगळे खोटे ठरवून माझा बाप जिंकला होता.

बागूल सर उठून बाबांजवळ आले आणि त्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “झालं साहेब. माझा प्रश्न सुटला. कुलथे, त्या दुकानदाराला कळवून टाका, डबी परत येत नाही म्हणावं.”

“चारला उघडतो तो. उघडला की फोन लावतो.”

बाबांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे. “सर, घाई काय आहे?” ते म्हणाले.

“घाई कसली? सहा महिने झाले. आता तुमचा शब्द मिळाला.”

निघताना मी गाडी चालवत होते आणि बाबा शेजारी बसले होते. गंगापूर रोडवर दुपारची शांतता होती. मी आपली बोलत होते, की मी हार मानते, आता यंत्राचा विषय बंद, पण हे नेमके कसे झाले ते मला समजून घ्यायचे आहे. कदाचित डबीत आवाजाचा सूक्ष्म फरक राहिला असेल, तो कुठल्या पट्टीत असेल, मी उद्या पुन्हा मोजते. बरेच बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले की उत्तर येत नाही.

“बाबा?”

“गाडी जरा कडेला घे,” ते म्हणाले. “आणि तोंड इकडं करून बोल. मघापासून काय बोलतेयस त्यातलं एक अक्षर कळलेलं नाही.”

मी एका रसवंतीच्या पुढे गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे वळले.

“मृदुला, मला फरक कळला नाही.”

“कशातला?”

“काळी आणि शेपटीतला. एकदाही नाही.”

“बाबा, नऊ आलेत. नऊ काही योगायोगानं येत नाहीत.”

“योगायोग नव्हताच.” त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. “पहिल्या दोन वेळा ठोकून दिलं. मग कळलं. शेपूट लावलीस की तू कागदाकडेच बघत बसायचीस. काळी लावलीस की मान वर करून माझ्याकडे बघायचीस.”

“कशी?”

“शाळेच्या संमेलनात आपलं पोर स्टेजवर आलं की आईबाप बघतात ना, पुढचं वाक्य आठवतंय का म्हणून? तशी. ओठसुद्धा हलवायचे बाकी होते तुझे.”

मी म्हणाले, “पण मला तर तुम्ही हरायला हवे होतात.”

“ते तू ठरवून आली होतीस,” बाबा म्हणाले. “तोंडाला सांगायचं राहिलं.”

रसवंतीच्या यंत्राची घुंगरे वाजत होती. त्यांना ती ऐकू येत होती की नाही, मी विचारले नाही.

“हे तुम्हाला इतकं बारीक कसं दिसलं?”

“मी आता सगळ्यांचंच असं ऐकतो. तुझ्या आईचं, दूधवाल्याचं, बँकेतल्या मुलीचं. निम्मं कानानं, निम्मं तोंडावरून. सवय झाली. फक्त कुलथेची पंचाईत होते. त्या मिशीत त्याचं अर्धं बोलणं अडकतं. तो काहीही म्हणाला तरी मी हसतो.” त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिले. “पैज तुझ्याशी होती. तुला फसवलं तर ते घरातल्या घरात. पण तो मास्तर माझा हात धरून उभा होता. वळव गाडी.”

“फोन करू या सरांना. घरी जाऊन.”

“फोनवर मला ऐकू येत नाही.”

आम्ही परतलो तेव्हा मंडळी जेवायला बसली होती. सुमनकाकूंनी न विचारता आणखी दोन ताटे घेतली. बाबा मात्र बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच, कारखान्यात बिघाडाची नोंद वाचून दाखवावी तशा कोरड्या आवाजात, सगळे सांगितले. मी कागदाकडे कधी बघत होते आणि त्यांच्याकडे कधी, हेही सांगितले. ऐकताना मला जमिनीत जावेसे वाटत होते.

कुलथेकाकांनी घास खाली ठेवला. “म्हणजे तुम्हाला कळलं नाही?”

“नाही.”

“आणि दर रविवारी? ह्यात हवा आहे, त्यात नाही, हे गोड पण खोटं गोड?”

“तुम्ही ऐकत असायचा तेव्हा मी तुमची तोंडं बघायचो. कुणाला आवडलंय, कुणाला नाही, ते तोंडावर दिसायचं. तुझी तर मिशीसुद्धा वर जाते. मी नुसते शब्द पुरवायचो.”

“आणि आम्ही म्हणायचो,” कुलथेकाका हळूहळू म्हणाले, “की साहेबांनी काय नेमकं पकडलं!”

“नेमकं पकडायचोच मी.”

मग कुलथेकाकांची मिशी थरथरू लागली, आणि ते असे काही हसू लागले की सुमनकाकूंनी त्यांच्यापुढे पाणी सरकवले. “पाच वर्षं!” ते म्हणाले. “पाच वर्षं आमचीच मतं आम्हाला ऐकवली ह्या माणसानं, आणि आम्ही वर ह्यालाच नमस्कार करत होतो!” बाबाही हसले, पण त्यांचे लक्ष बागूल सरांकडे होते. सर ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत बसले होते.

“सर,” बाबा म्हणाले, “माझा शब्द मी परत घेतो. शेपूट घ्या. उरलेल्यात कुठं चार दिवस फिरून या.”

“कळलं साहेब,” सर म्हणाले. “तुम्ही परत येऊन सांगितलंत, हे फार मोठं केलंत. पण एक अडचण झालीय.”

“काय?”

“तुम्ही गेल्यावर मी पुन्हा ऐकली ना ती डबी.” सरांनी ओशाळून माझ्याकडे पाहिले. “आता मला तीच चांगली ऐकू येतेय. मृदुलाताई, तुम्ही म्हणाल तो मनाचा खेळ आहे. असेल. पण दुपारभर ऐकणारं मनही माझंच आहे. त्याला काय करू?”

सरांनी डबी घेतली. पुढे कितीतरी वर्षे ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, आणि भेटले की ते मला त्यातली खिडकी ऐकायला लावत. मी ऐकत असे. एकदा मलाही ती थोडी उघडल्यासारखी वाटली. ते मी कुलथेकाकांना कधी सांगितले नाही.

मंगळवारी सकाळी मी दवाखाना उघडला, तेव्हा बाबा पायरीवर बसलेले होते. सदरा इस्त्रीचा, हातात रिकामी पिशवी.

“आईनं भाजीला पाठवलंय,” ते म्हणाले. “म्हटलं वाटेत बघून जावं.”

मी कुलूप काढत राहिले.

“बोल की काहीतरी.”

मी त्यांच्याकडे तोंड केले. “मला बोलायची बंदी आहे, बाबा. तुम्ही जिंकलात. नऊ म्हणजे नऊ.”

“जिंकलोच आहे. पैज कान वापरूनच जिंकायची असं ठरलं नव्हतं.” ते माझ्या आधी आत शिरले. “तुला यंत्राचं नाव काढता येत नाही, म्हणून तर मला यावं लागलं. कुठं बसू?”

तपासणीच्या खोलीत मधोमध एक काच आहे. काचेच्या एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला माझे यंत्र. आमच्या शिक्षणातला पहिल्या वर्षाचा, पहिल्या आठवड्याचा नियम असा, की तपासून घेणाऱ्याला तपासणाऱ्याचा चेहरा आणि हात दिसता कामा नयेत. माणसे ऐकू आल्याचे ठरवायला काहीही वापरतात. रोज आठ-दहा माणसांची खुर्ची मी न चुकता तिरकी करत होते. आणि कुलथेकाकांच्या दिवाणखान्यात, आवाज केसभर जुळवून, नाणी उडवून, मी तोंड उघडे टाकून समोर जाऊन बसले होते. बाहेरचा कुणी असता तर बसले नसते.

मी बाबांच्या कानांवर हेडफोन ठेवला, हातात बटण दिले आणि आवाज अगदी बारीक आला तरी दाबायचे, असे सांगितले. मग खुर्ची वळवायला हात लावला. त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतः उठले, खुर्ची उचलली, पार भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

“आता घे परीक्षा,” ते भिंतीला म्हणाले.

काचेतून मला त्यांची पाठ, पांढऱ्या केसांवरची हेडफोनची कमान आणि मांडीवर धरलेले बटण दिसत होते. खालचे, जाड सूर त्यांनी बरे ओळखले. मग मी वरच्या पट्टीत गेले. ‘स’ आणि ‘श’ राहतात ते हेच घर. हळू आवाज दिला. हात हलला नाही. थोडा वाढवला. नाही. आणखी वाढवला, आणखी. माझ्या बाजूच्या लहानशा स्पीकरवर तो सूर आता शिटीसारखा टोचत होता आणि त्यांची पाठ शांत होती. मी पुढचा टप्पा दिला. त्याच्याही पुढचा दिला.

बटण दाबले गेले. आणि मान न वळवता, माझे तोंड शोधायला मागे न पाहता त्यांनी विचारले,

“हे मघापासून वाजत होतं का गं?”

मी माइक सुरू केला आणि म्हटले, “हो, बाबा.”